उन्हाळ्यात रोज 14 युनिट देणारे सोलर पॅनेल डिसेंबरात 9 वरच का अडकतात? काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की 3 किलोवॉटचे पॅनेल मे महिन्यात बसवले, तेव्हा रोज 14 युनिट मिळायचे, आता आकाश निरभ्र असूनही 9 च्या वर जात नाहीत आणि बसवणारा म्हणतो, "थंडीत असंच असतं." आपल्याकडे थंडीत असं नसतं. मी निफाड तालुक्यात राहतो. घरावर 3 किलोवॉटचेच पॅनेल आहेत आणि डिसेंबरात स्वच्छ उन्हाच्या दिवशी 12 च्या आसपास युनिट मिळतात. आमचा खरा पडता काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. म्हणजे तुमचे दोन-तीन युनिट कुठेतरी वाया जाताहेत, ते शोधायला हवेत.

थंडीवर मात्र राग धरू नका. पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही. मे महिन्यात भर दुपारी पॅनेल 60 अंशांच्या पुढे तापतं, आणि 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज कमी होते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी 12 ते 14 टक्के वीज नुसत्या तापण्यात जाते. थंडीत दिवस 11 तासांचा असला तरी हा तोटा बराच कमी होतो.

मला सगळ्यात जास्त शंका सावलीची आहे, कारण माझंही तिथेच चुकलं होतं. तुमच्यासारखेच माझेही पॅनेल मे महिन्यात बसले. बसवणाऱ्याने गच्चीवर फेरी मारली, म्हणाला, "सावली कुठेच नाही." नसणारच! मे महिना म्हणजे आपल्याकडचा शून्य सावलीच्या दिवसाचा महिना, दुपारी सूर्य थेट डोक्यावर. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका खाली उतरतो की नाशिकच्या आसपास भर दुपारीही क्षितिजापासून 47 अंशांच्या वर चढत नाही. दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढी पडते, आणि सकाळी साडेनऊला उंचीच्या जवळजवळ दुप्पट, तीही वायव्येकडे तिरपी. माझी पाण्याची टाकी पॅनेलच्या आग्नेयेला स्टँडवर होती. तिची सावली पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पॅनेलवर चढायला लागली आणि मला महिनाभर पत्ता नव्हता.

सावली एका कोपऱ्यावर पडली तर तेवढीच वीज कमी होईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर सावली आली की त्याच्या गटातल्या सगळ्यांची वीज अडते. एका पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या गटाला वळसा घालून वीज पुढे नेणारे भाग, असतात, म्हणून नुकसान तेवढ्या भागापुरतं राहतं. पण एका सेलच्या सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा जाणं हेही काही थोडं नाही.

हे ओळखायला इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपमधला दिवसाचा आलेख उघडा. ढग नसतील तर तो टेकडीसारखा गुळगुळीत दिसायला हवा. सकाळी किंवा दुपारनंतर रोज ठरावीक वेळी त्याला खाच पडत असेल, तर ती सावली आहे. त्याच वेळी वर जा आणि फोटो काढा. माझ्या आलेखाला नऊ ते साडेदहा अशी खाच होती. प्लंबरकडून टाकी गच्चीच्या उत्तरेच्या बाजूला हलवली आणि दुसऱ्या दिवशी खाच भरून निघाली. टाकी हलवता येत नसेल तर निदान डिश अँटेना, कपड्यांच्या दोऱ्या, नारळाची लोंबती झावळी एवढं तरी बाजूला करा.

खाच नाही, पण सगळी टेकडीच बुटकी झालीय? मग धूळ. पावसाळ्यात पॅनेल आपोआप धुतले जातात, ऑक्टोबरनंतर ते बंद होतं. त्यात आमच्याकडे वीटभट्ट्या आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी. पहाटे दव पडतं, काचेवरची धूळ भिजून खाली ओघळते आणि खालच्या फ्रेमच्या काठाशी अडून उन्हात वाळते. जवळ जाऊन बघा, बोटभर रुंदीचा मातीचा पट्टा दिसेल. लांबून पॅनेल स्वच्छ वाटतं, पण तो पट्टा नेमका शेवटच्या ओळीच्या सेलवर असतो. नुसतं पाणी मारून तो निघत नाही, ओल्या मऊ फडक्याने काठ पुसावा लागतो. मी दर दहा-बारा दिवसांनी, काच गार असताना सकाळी लवकर धुतो. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, कपडे धुण्याची पावडर नको. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग धरतात, वायपरने ओढून काढा. आणि पॅनेलवर पाय देऊ नका, आतले सेल तडकतात आणि वरून काही दिसतही नाही.

तिसरी गोष्ट उताराची. लोखंड वाचवायला बरेच जण 10 अंशांवरच पॅनेल बसवतात. पावसाळ्यात-उन्हाळ्यात त्याने विशेष बिघडत नाही, पण डिसेंबरात 20 अंशांवरच्या पॅनेलला भर दुपारचं थेट ऊन त्याच्यापेक्षा जवळपास 10 टक्के जास्त मिळतं. मोबाईलमधल्या लेव्हलने मोजून बघा. स्वतः मात्र नट ढिले करू नका, वाऱ्याचा जोर फार असतो. बसवणाऱ्याकडूनच करून घ्या.

गीझर दुपारी लावायची धडपड करू नका. नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घ्यायची सोय, असेल तर दुपारी दिलेलं युनिट पहाटेच्या युनिटात वळतं होतं. शिल्लक राहिलेल्या युनिटचा हिशेब 31 मार्चला होतो आणि त्याला आपल्या घरगुती दरापेक्षा खूपच कमी पैसे मिळतात, म्हणून बिल शून्यावर आलं की आणखी पॅनेल वाढवण्यात अर्थ नाही.

22 डिसेंबरच्या आसपास दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते, तेव्हा पाहणी याच पंधरवड्यात करा. आणि संक्रांत झाली की परत एकदा वर जा. आमच्याकडे येवल्याच्या बाजूला तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेलं असतं. मागच्या जानेवारीत एक फाटका पतंग मांज्यासकट माझ्या मधल्या पॅनेलवर आठवडाभर चिकटून होता.