गाडीचं दुखणं : पायाला काय लागलं ते सांगा

या खेपेला बहुतेक पत्रं ब्रेक आणि गिअरबॉक्सची आहेत. मे महिन्याचं खानदेशी ऊन, लग्नसराईत ठासून भरलेल्या गाड्या आणि वाटेत घाट, म्हणजे हे व्हायचंच. मात्र निम्म्या पत्रांत ‘ब्रेक नीट लागत नाही’ एवढंच लिहिलंय. तेवढ्यावरून आम्हालाही काही सांगता येत नाही आणि शोरूमलाही. पेडल मऊ पडलं, कडक झालं, हळूहळू खाली गेलं की थरथरलं? गाडी थंड होती की तापलेली? ही चार दुखणी वेगळी आहेत आणि चौघांचा इलाजही वेगळा. ज्यांनी तपशील दिला, त्यांची उत्तरं पुढे.

प्रश्न : कन्नडहून लग्न आटोपून घाट उतरत होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत सामान. शेवटच्या वळणांवर ब्रेक एकदम मऊ पडला, पाय पार खाली गेला. कशीबशी गाडी बाजूला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पहिल्यासारखा! शोरूमने दोन दिवस गाडी ठेवून ‘दोष आढळला नाही’ असं लिहून दिलं. आमचा मिस्तरी म्हणतो, ‘काही नही भाऊ, गाडी गरम व्हयनी व्हई.’ गाडी ६ वर्षांची, ५८,००० किलोमीटर. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही. (चाळीसगाव)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, बाटली बंद नसली तर कपाटात ठेवल्या ठेवल्यासुद्धा. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सलग घाट उतरताना पाय ब्रेकवरच राहिला तर कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल सहज एवढं तापतं. ते उकळलं की वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि पॅडवर जोर पोचत नाही. गाडी निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक ‘बरा’ होतो. शोरूमने थंड गाडी सपाट रस्त्यावर फिरवली असेल, तर त्यांना दोष सापडायचा कसा? मिस्तरी चुकीचं बोलला नाही, अर्धवट बोलला.

इलाज स्वस्त आहे. मॅन्युअलमध्ये किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलाय, त्याचं सीलबंद एक लिटर ऑइल आणा. छोट्या गाडीला तेवढं पुरतं. नुसतं टाकीतलं काढून नवं ओतणं म्हणजे फसवणूक, कारण तापतं ते चाकापाशी आहे. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल काढायच्या छोट्या तोटीतून) जुनं ऑइल काढायचं. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या पंपापासून) सर्वांत लांबचं चाक म्हणजे मागचं डावं, बहुधा तिथून सुरुवात होते, पण कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करायचं, नळीतून ऑइल आलं की निपल बंद, मगच पाय सोडायचा. चहासारखं काळपट ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. टाकीतली पातळी मध्येच ‘मिन’च्या (किमान पातळीच्या खुणेच्या) खाली गेली तर हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एक गोष्ट मिस्तरीला आवर्जून सांगा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. रोजच्या वापरात पेडल कधी तळाला जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या त्या टोकाला गंज साठलेला असतो. ऑइल बदलताना पाय तळापर्यंत दाबला की आतले रबरी कप त्या गंजावर घासून फाटतात, आणि चांगला सिलिंडर दुसऱ्याच दिवशी गळायला लागतो. पुढे दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. गाडी कमी चालते म्हणून वर्षं मोजायची सोडू नका, पाणी उभ्या गाडीतही मुरतं.

घाटात पुन्हा असं झालं तर पेडल भराभर चार-पाच वेळा मारा, वाफ दाबली जाऊन थोडा ब्रेक मिळतो. त्याच वेळी एकेक करत खालचा गिअर टाका आणि हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. एका झटक्यात ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

याचं एक जुळं भावंडही आहे. पेडल वरच्या वर कडक, पाय नेहमीच्याच जागी, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. तिथे ऑइल ठीक असतं, पॅड तापून गुळगुळीत झालेले असतात. मिळेल त्या दुकानातून आणलेल्या स्वस्त पॅडमध्ये हे लवकर होतं. आणि पेडल पहाटे थंड गाडीतही दगडासारखं लागत असेल तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर चालू आहे. नाही सरकलं तर बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी किंवा नळीवरचा व्हॉल्व्ह गेलाय.

प्रश्न : सिग्नलला ब्रेक दाबून उभी असते तेव्हा पेडल हळूहळू खाली सरकतं. सोडून परत दाबलं की ठीक. ऑइल कुठे गळत नाही, टाकीतली पातळीही तेवढीच. फिटरने पॅड बदलले, फरक नाही. (अमळनेर)

ताई, पॅडचे पैसे वाया गेले. हा मास्टर सिलिंडर आहे. आतल्या कपाची कड झिजली की ऑइल बाहेर न गळता सिलिंडरच्या आतच मागे जातं, म्हणून पातळी हलत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट धरा. इंजिन सुरू होताना एकदाच किंचित बसलं तर ते बूस्टरचं काम, पण सरकत राहिलं तर सिलिंडर गेला. नव्या कपांचं किट टाकून काही महिने निघतात, पण आतल्या भिंतीवर ओरखडे असतील तर नवे कपही फाटतात. आमचं मत विचाराल तर पूर्ण सिलिंडरच बदला. गाडी तोवर चालवू नका. सिग्नलला सरकणारं पेडल जोराच्या ब्रेकला दगा देईल की नाही, याची परीक्षा रस्त्यावर घ्यायची नसते.

जाता जाता एक. बऱ्याच गाड्यांत क्लचही ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो आणि त्याची नळी टाकीत वरच्या बाजूला लावलेली असते. अशा गाडीत क्लच अचानक मऊ पडला तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. क्लचने तुम्हाला ब्रेकची सूचना दिलेली असू शकते.

प्रश्न : तोरणमाळचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर निसटून न्यूट्रल होतो. सपाटीवर कधीच नाही. गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे मोठा खर्च, असं सांगतात. तोवर न्यूट्रलमध्ये उतरलं तर चालेल का? डिझेलही वाचेल. (शहादा)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, आणि डिझेलही वाचत नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तेव्हा इंधनाचा पुरवठा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या डिझेलवर चालतं. इंजिनच बंद केलंत तर दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरचा जोर संपतो, पॉवर स्टिअरिंगही जातं. किल्ली पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होतं.

आता गिअर. चढावर इंजिन चाकांना ढकलतं, उतारावर चाकं इंजिनाला ढकलतात, म्हणजे दातांवरचा जोर उलट्या बाजूला येतो. त्या बाजूने दात गोल झालेले असतील तर गिअर अडकवून धरणारी कडी, म्हणजे स्लीव्ह, मागे सरकते. पण गिअरबॉक्स खोलण्याआधी बाहेरच्या गोष्टी बघा. गिअरच्या केबलचे बुश झिजले की गिअर पुरता बसतच नाही. इंजिनचं फाउंडेशन रबर फाटलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडताच इंजिन डुलतं आणि गिअर ओढला जातो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, कुणाला तरी जरा रेस करून सोडायला सांगा, डुलणं डोळ्यांना दिसतं. हौसेने बसवलेली जड गिअरनॉबही काढून बघा. सपाट मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडून लिव्हरला हाताने हलका आधार द्या. लिव्हर हाताला ढकलत असेल तर झीज आत आहे : दात, स्लीव्ह सरकवणारा फोर्क किंवा गिअर जागेवर धरणारी बॉल-स्प्रिंग. मग खोलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तोवर घाट नको.

गिअर ऑइलबद्दल थोडं. ‘जाडं ऑइल टाका, गिअर धरून ठेवेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. मॅन्युअलमध्ये जीएल ४ दर्जाचं ऑइल सांगितलं असताना दुकानदार जीएल ५ देतो, तेव्हा गिअर अलगद बसवणारी पितळी सिंक्रो रिंग त्यावर नीट पकडत नाही, काही ऑइल तर पितळ खातंही. छोट्या गाडीत जेमतेम दोन लिटर लागतं, त्यात काटकसर कशाला? आणि चालवताना डावा हात गिअरवर टेकवून ठेवायची सवय असेल तर सोडा, आतला फोर्क त्याने सतत घासतो.

प्रश्न : एएमटी गाडी आहे. भुसावळला रेल्वेच्या पुलावर जाम लागला की गाडी मागे सरकते, क्लच जळाल्याचा वास येतो. एकदा उतारावर लावलेली गाडी सरकून मागच्या भिंतीला टेकली. शोरूम म्हणतं, तुमची चालवायची पद्धत चुकीची. हे खरं का? (भुसावळ)

थोडं खरं आहे, पण ते विकताना सांगायला हवं होतं. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त पाय आणि हाताचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक करतं. चढावर ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी ‘तोलून’ धरलीत तर प्लेट घासत राहते. वास त्याचाच. जाममध्ये गाडी ब्रेकवर धरा, समोर तीन-चार मीटर जागा झाली की हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर द्या आणि गाडी ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. घाट उतरताना मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरा. डी मध्ये ठेवून सगळा भार ब्रेकवर टाकू नका.

भिंतीचं कारण वेगळं. बहुतेक एएमटीत ‘पी’ नसतो. ‘एन’ वर ठेवून किल्ली काढली तर गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते. ब्रेक दाबून डी किंवा आर निवडा, डिस्प्लेवर १ किंवा आर दिसेपर्यंत थांबा, हँडब्रेक ओढा, मग इंजिन बंद करा. तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. चाकामागे दगड ठेवायलाही लाजू नका.

मात्र गिअर निवडूनही डिस्प्लेवर एन लुकलुकत असेल किंवा चालत्या गाडीत गिअर सुटत असेल, तर ती तुमची पद्धत नव्हे. स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. नवी क्लच प्लेट टाकल्यावर स्कॅनरने ‘लर्निंग’ (गाडीच्या कंप्युटरला नव्या प्लेटची ओळख करून देणं) करावं लागतं, ते राहून गेलं तरी गाडी धक्के देते.

प्रश्न : हायवेवर ८०-९० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. दोनदा डिस्क लेथवर मारून घेतल्या. दोन-तीन महिने बरं, मग तेच. (धुळे)

डिस्क कशामुळे वाकतेय, ते शोधा. टायरवाल्याकडे एअर गनने नट एकेक करत ठोकून बसवले जातात, त्याने डिस्क तिरकी ताणली जाते. नट आमनेसामने, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) गंजाची पापडी असेल तर ती तारेच्या ब्रशने काढा. तिच्यावर बसवलेली सरळ डिस्कसुद्धा डोलते. आणि डिस्कवर कोरलेला ‘मिन’ जाडीचा आकडा वाचा. दोनदा लेथवर गेलेली डिस्क त्याच्या खाली गेली असेल तर ती भंगार. बदलताना दोन्ही बाजूंच्या बदला, सोबत पॅडही. थरथर सीटला जाणवत असेल आणि स्टिअरिंगला नाही, तर मागचे ड्रम बघा.

प्रश्न : वॉरंटीतली गाडी, ब्रेकची एकच तक्रार चौथ्यांदा. दर वेळी ‘चेक केले, ओके’. पुढे काय करावं? (जळगाव)

जॉब कार्ड हाच पुरावा. सल्लागार ‘जनरल ब्रेक चेकअप’ लिहितो, ते लिहू देऊ नका. ‘घाटात ५ किलोमीटर उतरल्यावर पेडल मऊ पडून तळाला जातं’ असं, चारही वेळा त्याच शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या आणि प्रत ठेवा. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून तोच घाट उतरा आणि ट्रायलचा निष्कर्ष कार्डावर लिहायला लावा.

चॅसिस क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल आहे का तेही बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी परत बोलावल्या होत्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं. त्यानुसार १ एप्रिल २०२१ पासून सरकारही सुरक्षेशी निगडित दोषासाठी ७ वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यासाठी ठरावीक संख्येने मालकांच्या तक्रारी याव्या लागतात, तेव्हा तुमचीही एक नोंदवा.

नुकसानभरपाईसाठी आधी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच दावा चालतो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येतो, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोष उत्पादनातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ठरवणं अवघड जातं. आयोगाकडे तशी तपासणी मागता येते, तो अर्ज सुरुवातीलाच द्या.

प्रश्न : पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की मागचं चाक जाम होतं. (रावेर)

ओल्या ड्रमला आतले ब्रेक शू चिकटतात. पाण्या-चिखलातून आल्यावर शेवटचं अर्धा किलोमीटर डाव्या पायाने नव्हे, उजव्यानेच ब्रेक हलका दाबत चालवा, म्हणजे ड्रम सुकतील. सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये लावा आणि चाकाला वीट द्या. चिकटलंच तर जोराने रेस करून ओढू नका, शूचं लायनर उखडून ड्रममध्ये अडकतं. थोडं पुढे, थोडं मागे करा. तरीही सुटलं नाही तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने ठोका.