पडद्यावरचा काळपट पट्टा म्हणजे कीडच का?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत दंततपासणी झाली. डॉक्टरांनी पेनासारखा प्रकाशाचा कॅमेरा दातांवर धरून लॅपटॉपवर चित्रे दाखवली. तिसरीतल्या एका मुलीच्या बहुतेक दातांवर काळपट पट्टे दिसले आणि तिची आई घाबरून गेली. हा प्रकाश अपायकारक असतो का? त्यावर कितपत विसंबावे?
– एक शिक्षिका, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, त्या आईला आधी एवढे सांगा की या तपासणीत क्ष-किरण नसतात आणि प्रकाशाने मुलीला काहीही अपाय झालेला नाही. अशा कॅमेऱ्यातून बहुधा ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश दातात सोडतात. निरोगी दंतवल्क (दातावरचे कठीण आवरण, इनॅमल) काचेसारखे असते, त्यातून प्रकाश आरपार जातो. पण क्षार निघून गेलेला भाग दुधी काचेसारखा प्रकाश विखुरतो आणि म्हणून पडद्यावर काळपट दिसतो. दोन दाढांच्या फटीत नुकतीच सुरू झालेली, आरशाला न दिसणारी कीड यामुळे लवकर सापडते.

मात्र क्षार कशाने कमी झाले, हे कॅमेरा सांगत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे (लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत), आणि ते पाणी दात घडण्याच्या वयात पोटात गेले की दंतवल्क कच्चे, म्हणजे कमी क्षारांचे राहते; यालाच दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. फ्लोरोसिसचे हे पट्टे आडवे असतात आणि डाव्या-उजव्या दातांवर जोडीने दिसतात. कीड मात्र हिरडीलगत, दाढांच्या खाचांत किंवा फटीत, एखाद्याच ठिकाणी धरते. तुमच्या वर्णनावरून मला फ्लोरोसिसची शंका अधिक येते, तरी खात्री दंतवैद्याने दात पुसून, कोरडे करून, डोळ्यांनी पाहूनच करावी. मोठ्या मुलांत खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) डागही असेच फसवतात.

केवळ चित्र पाहून दात कोरू देऊ नका. खड्डा पडलेला नसेल तर सुरुवातीची कीड फ्लोराइड वार्निशने (दातावर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने) थांबू शकते. ज्या फ्लोराइडने पट्टे पडले तेच पुन्हा लावायचे, हे पालकांना पटत नाही. पण घडत्या दाताला पाण्यातून मिळालेले फ्लोराइड वेगळे आणि उगवलेल्या दातावर वरून लावलेले वेगळे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा या मुलीला आवर्जून दाखवा. तान्हेपणापासून तिच्या घरी कोणत्या हापशीचे पाणी भरत होते, तेही आईला विचारा आणि त्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे पाठवा. तिची धाकटी भावंडे आजही तेच पाणी पीत असतील.