पुण्यातून थेट अमेरिकेतल्या नववीत: एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झालीय, तुम्ही सगळे जुलैत येताय, चिरंजीवांची आठवी पुण्यात सीबीएसईतून झाली आणि सप्टेंबरमध्ये तो इथे नववीत म्हणजे हायस्कूलच्या पहिल्याच वर्षात जाणार. मुलगा अबोल आहे, इथे कुणाला ओळखत नाही. तुम्हाला विचारायचंय की नववीचे मार्क धरतात का आणि तो एकटा पडला तर काय करायचं, आणि मिस्टरांना विचारायचंय की एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेचा क्लास आत्ताच लावायचा का.

मार्क धरतात. आपल्याकडे नववी म्हणजे दहावीच्या आधीचं वर्ष, ढकललं तरी चालतं. इथे हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि चारही वर्षांचे ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या एकत्रित गुणपत्रकावर जातात. कॅलिफोर्नियाची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजेस जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी काढताना नववी सोडतात, पण ग्रेड त्यांनाही दिसतातच. आणि खरी मेख वेगळीच आहे. आपल्या मुलांना वाटतं की शेवटी परीक्षेत झोडून काढू, तर इथे तसं नसतं, रोजचं होमवर्क, क्विझ, टेस्ट सगळ्याचे टक्के ठरलेले असतात. समजा होमवर्कला 20 टक्के आहेत आणि मुलाला टेस्ट-क्विझमध्ये 92 पडतायत. होमवर्क सगळं दिलं तर एकूण होतात 93.6. दहातली चार होमवर्क द्यायचीच राहिली, त्यांना शून्य, की तेच येतात 85.6 वर. ए चा बी झाला, आणि गणित तर पोराला सगळं येत होतं! त्यामुळे शाळेचं ऑनलाइन पोर्टल पहिल्या महिन्यात दर रविवारी त्याच्यासोबत बसून बघा. नंतर मात्र त्याचं त्याला बघू द्या, रोज लॉगिन करून जाब विचारणारे आईबाप मी खूप बघितलेत आणि त्याने पोरं फक्त लपवायला शिकतात.

आता गणिताचं, कारण इथे भारतातून आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे बीजगणित भूमिती एकाच वर्षात थोडं थोडं चालतं, इथे एक वर्ष अल्जिब्रा 1, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा 2, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस अशी रांग असते. नववीत अल्जिब्रा 1 ला बसवलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोचतो, इंजिनिअरिंगचा विचार असेल तर हे आत्ताच माहीत असलेलं बरं. शाळा मार्कशीट बघून बऱ्याचदा सावधपणे खालीच बसवते, म्हणून प्लेसमेंट टेस्ट मागा. पण उलटं टोकही नको, 'आमचा हुशार आहे, अल्जिब्रा 2 लाच घाला' असा हट्ट धरू नका, क्वाड्रॅटिक म्हणजे वर्गसमीकरणं सीबीएसईत दहावीत येतात, ती त्याने अजून केलेलीच नाहीयेत.

हे मागायचं कुणाकडे? काऊन्सेलरकडे. प्रत्येक मुलाला एक काऊन्सेलर नेमून दिलेला असतो, बऱ्याच शाळांत आडनावाच्या अक्षरावरून. विषय बदलणं, लेव्हल, शिक्षकाशी खटका, मन लागत नाही, सगळं तिथेच न्यायचं. बारावीत कॉलेजसाठी शिफारसपत्रही सहसा हाच माणूस लिहितो. पण इथल्या काऊन्सेलर संघटनेचीच शिफारस एकामागे 250 मुलांची आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त असतात, मग गप्प बसणारं पोर त्याला माहीत असणार कसं? म्हणून पहिल्या आठवड्यात ईमेल जाऊ दे, आणि ती तुम्ही नाही, त्याने लिहायची. चारच ओळी: मी भारतातून नवीन आलोय, आठवी तिकडे झाली, गणिताच्या लेव्हलबद्दल बोलायचंय, कधी येऊ? अबोल मुलांना तोंडी विचारण्यापेक्षा हे सोपं जातं. शिक्षकांचंही तेच, शाळा सुटल्यावर बरेच शिक्षक एक्स्ट्रा हेल्पला थांबतात, फुकट. आपल्याकडे शंका विचारणारा म्हणजे ढ असा एक समज असतो ना, तो पुण्यातच ठेवून या.

अजून एक. नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. मराठी लिहा. काही पालक घाबरून इंग्लिश लिहितात. मराठी लिहिलं तर गरज वाटल्यास त्याच्या इंग्लिशची एक तपासणी होईल, इंग्लिश मीडियमचा मुलगा बहुतेक ती सहज पार करेल, आणि नाही केली तर शाळा मदत देईल, त्यात कमीपणा कसला.

एकटं पडण्याचं तुम्ही लिहिलंय ती भीती खरी आहे, पण त्याचं कारण फक्त त्याचा स्वभाव नाही. पुण्यात 8-ब म्हणजे 8-ब, तीच पोरं, तोच बेंच, शिक्षक बदलतात. इथे शिक्षक आपापल्या खोलीत बसतात आणि मुलं दर तासाला पळतात, प्रत्येक तासाला नवीन चेहरे, तुकडी असा प्रकारच नाही. त्यामुळे नुसतं वर्गात बसून मैत्री होत नाही आणि लंचला ताट घेऊन कुठे बसायचं हाच पहिल्या महिन्यातला सगळ्यात अवघड प्रश्न होतो, भले भले लायब्ररीत जाऊन डबा खातात. यावर उपाय म्हणजे शाळेनंतरचं काहीतरी, तेही एकच पण पहिल्या दिवसापासून. क्रॉस कंट्री म्हणजे लांब पळण्याची टीम, त्यात बहुतेक शाळा कुणाला काढत नाहीत, पळायला आलात की तुम्ही टीममध्ये. प्रॅक्टिस ऑगस्टमध्येच सुरू होते, म्हणजे शाळा उघडायच्या आधी दहा-पंधरा चेहरे ओळखीचे होतात. त्यासाठी डॉक्टरने तपासून भरलेला फॉर्म लागतो, तेव्हा जुलैत आल्या आल्या अपॉइंटमेंट घ्या, इथे ती लगेच मिळत नाही. पळायला आवडत नसेल तर रोबोटिक्स, बँड, नाटकाचं बॅकस्टेज, काहीही. फक्त कॉलेजच्या फॉर्मवर काय शोभेल हा विचार आत्ता नको. आणि नोव्हेंबर आला तरी तो जेवत नाहीये, झोपत नाहीये, सकाळी पोट दुखतंय म्हणतोय असं दिसलं, तर 'होईल सवय' म्हणून थांबू नका, काऊन्सेलरला सरळ कळवा.

एसएटी? मिस्टरांना सांगा अकरावीच्या आसपास बघू. खान अकॅडमीवर तयारी फुकट आहे. नववीत क्लासला घालायचे पैसे आणि शनिवार दोन्ही वाचवा, त्या वेळात त्याने इंग्लिश पुस्तकं वाचली तर एसएटीलाही जास्त उपयोग होईल.

येताना सहावी ते आठवीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.