मानसिक आजारांवर संशोधन करायचंय, पण डॉक्टर व्हायचं नाही

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मिळालं. तू अकरावी सायन्सला आहेस. मामांना स्किझोफ्रेनिया आहे आणि त्यांच्या गोळ्या मेंदूत नेमकं काय करतात, हे कुणी नीट सांगत नाही. तुला तेच शोधायचंय. घरचे म्हणतात, मग नीटची परीक्षा दे आणि सायकियाट्रिस्ट हो. शिवाय गणित सोडू का, असंही तू विचारलंयस.

आधी गोळ्यांचं. स्किझोफ्रेनियावरची बहुतेक औषधं डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संदेश पेशीवर झेलणारा डी2 रिसेप्टर अडवतात, त्यामुळे भास आणि संशय कमी होतात. पण आजार मुळात का होतो, हे अजून उलगडलेलं नाही. 2022 मधल्या एका मोठ्या अभ्यासात त्याच्याशी निगडित 287 जागा मानवी जनुकसंचात सापडल्या. त्यातल्या बहुतेकींचा एकेकटा वाटा अगदी थोडा आहे. बंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आणि एनसीबीएस ही जीवशास्त्रातली संशोधनसंस्था मिळून एक काम करतात, ते मला फार मोलाचं वाटतं. ज्या घरांत एकाहून अधिक जणांना गंभीर मानसिक आजार आहे, त्यांच्या रक्तातल्या पेशींपासून स्टेम सेल (ज्यांतून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात) आणि त्यांपासून चेतापेशी तयार करून तिथे अभ्यासल्या जातात.

घरच्यांचं चुकत नाही, पण सायकियाट्रिस्टचं काम वेगळं. समोरच्या पेशंटला या आठवड्यात झोप लागावी, तो कामावर परतावा, ही त्याची जबाबदारी. संशोधकाला वेगळंच कोडं छळतं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या काही तासांतच मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर परिणाम करतात, मग माणसाला बरं वाटायला कित्येक आठवडे का लागतात? मधल्या दिवसांत मेंदूत काय बदलतं?

मेंदूसंशोधक डॉ. विदिता वैद्य यांचं काम जरूर वाच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण, येल विद्यापीठात पीएचडी, आणि 2000 पासून कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत स्वतःची लॅब. उंदरांच्या नवजात पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं, तर ते उंदीर मोठेपणीही जास्त भित्रे का राहतात आणि त्यात सेरोटोनिनचा हात किती, हे त्या शोधत आल्या आहेत. 2019 मध्ये त्यांनी आणि टीआयएफआरमधल्याच उल्लास कोल्थूर-सीताराम यांनी दाखवलं, की सेरोटोनिनमुळे चेतापेशींत नवे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, तयार होतात. मनःस्थितीशी जोडलेलं रसायन पेशीची ऊर्जाही सांभाळतं! 2022 चा इन्फोसिस पुरस्कार वैद्य यांना मिळाला.

तू केलेल्या संशोधनातून मामांसाठी औषध निघेल, असं मी म्हणणार नाही. कदाचित तुझी बरीच वर्षं उंदराच्या मेंदूतल्या एकाच रिसेप्टरवर जातील. मामांबद्दलची माया तुला इथवर घेऊन आली, ते चांगलंच आहे. पण त्या रिसेप्टरबद्दलही तितकीच ओढ वाटली पाहिजे, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फार त्रास होतो.

गणित अजिबात सोडू नकोस. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत प्रवेशासाठी आयएटी ही परीक्षा द्यावी लागते, त्यात जीवशास्त्राइतकंच गणित असतं. तिथला बीएस-एमएस पाच वर्षांचा. बीएस्सी करूनही संशोधनात जाता येतं, त्यानंतर टीआयएफआर आणि एनसीबीएसची प्रवेशपरीक्षा असते. पुढे पीएचडीला पाच-सहा वर्षं आणि मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम). म्हणजे तिशी उलटेपर्यंत पक्की नोकरी नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. हे आकडे आईबाबांसमोर आजच ठेव.

पेशंटसोबत बसावंसं वाटत असेल, तर एमबीबीएस, एमडी आणि त्यासोबत संशोधन हाही रस्ता आहे. निम्हान्समध्ये असं काम करणारे डॉक्टर आहेत. म्हणून नीटचा अभ्यास चालू ठेवायला माझी हरकत नाही, आयएटीला त्यातलं बरंच कामी येईल.

मामांच्या डॉक्टरांची अर्ध्या तासाची वेळ माग आणि गोळ्यांबद्दलचा तुझा प्रश्न त्यांनाही विचार. तोवर त्यांना न विचारता घरात कुणी मामांच्या गोळ्या कमी किंवा बंद करत नाही ना, एवढं बघ.