टाकीचे पाणी खालच्या फ्लॅटमध्ये: भरपाई कोणी कोणाला द्यायची?

प्रश्न: मी गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. जानेवारीत कोल्हापूरच्या एका कारागिराकडून 5 बाय 2 बाय 2 फुटांची, 12 मिलिमीटर काचेची समुद्री माशांची टाकी बनवून घेतली. खाली कपाटात 110 लिटरची संप टाकी, वरचे पाणी तिच्यात उतरवणारा ओव्हरफ्लो आणि ते परत वर चढवणारा रिटर्न पंप. ठरलेले 1,45,000 रुपये. त्यातले 1,00,000 यूपीआयने, 25,000 रोख दिले, 20,000 बाकी आहेत. मार्चमध्ये मी ताशी 3000 लिटरचा पंप काढून ताशी 5000 लिटरचा बसवला. जुलैत एका रात्री वीज गेली आणि सकाळी हॉलभर पाणी. वरच्या टाकीतले पाणी रिटर्न पाइपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे 15 सेंटिमीटर उतरले होते. खालच्या फ्लॅटचे जिप्सम छत आणि टीव्ही खराब झाला. ते 2,80,000 रुपये मागतात. सोसायटीचे पत्र आहे की सात दिवसांत टाकी हलवा. कारागीर म्हणतो, पंप बदललात, आता माझी जबाबदारी नाही; बिलावर ‘वाद कोल्हापूर न्यायालयाच्या कक्षेत’ असेही छापले आहे. माझी 60,000 रुपयांची प्रवाळे मेली, ती धरून भरपाई मागता येईल का? वीज खात्यावर दावा लावता येईल का?

उत्तर: टाकी अजून जागेवर आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते. ती तशीच राहू द्या. पाइप सोडवू नका, व्हॉल्व्ह काढून धुऊ नका, कारागिराला ‘येऊन जरा बघून जा’ म्हणून एकट्याने हात लावू देऊ नका. पाणी कोणत्या वाटेने बाहेर आले त्यावर हा सगळा वाद उभा आहे, आणि त्याचा पुरावा त्या पाइपांतच आहे.

असल्या टाकीतून पाणी तीन वाटांनी बाहेर येते. सिलिकॉनचा सांधा सुटला तर पातळी उतरत राहते, फटीच्या खाली जाईपर्यंत थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या जाळीत गोगलगाय किंवा शेवाळ अडकले तर पंप चालू असताना वरची टाकी काठोकाठ भरून सांडते आणि खालची संप रिकामी होते. तिसरी वाट तुमची. वीज गेली, पंप थांबला, आणि रिटर्न पाइपाने उलटे पाणी ओढायला सुरुवात केली. ही ओढ पाइपाचे तोंड उघडे पडेपर्यंत सुटत नाही. पातळी बरोबर तोंडाशी येऊन थांबली, हा त्याचा पक्का ठसा.

आता हिशेब. आतली लांबी साधारण 150 आणि रुंदी 58.6 सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 8.8 लिटर पाणी खाली येते. तोंड 15 सेंटिमीटर बुडालेले, तेव्हा 130 लिटर. संपमध्ये रोज किती पाणी असते ते तुम्ही लिहिलेले नाही. आतल्या काचेवर मिठाची रेघ असेल, ती मोजा. 70 लिटर धरले तर मोकळी जागा 40, आणि 90 लिटर जमिनीवर. हे टाळायला तोंड पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरच ठेवतात आणि पाइपाला पाण्याच्या रेषेखाली लगेच पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडतात. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. तुमच्या पाइपाला असे भोक आहे का ते पाहा. असल्यास शेवाळाने बुजले आहे का, त्याचा फोटो काढा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावला होता असे कारागीर म्हणेल. खाऱ्या पाण्यात वाळूचा कण किंवा चुन्याचा थर बसला की त्याची झडप अर्धवट उघडी राहते. त्या एकट्याच्या भरवशावर टाकी सोडणे हाच रचनेतला दोष.

पंपाच्या बचावाला घाबरू नका, पण तो हसण्यावारीही नेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 87 प्रमाणे, नुकसानीच्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. कारागिराचा वकील हेच कलम पुढे करेल. तुमची दोन उत्तरे. पहिले, तो नुसता विक्रेता नाही. रचना त्याची, जोडणी त्याची, म्हणजे कायद्याच्या भाषेत उत्पादक, आणि त्याला कलम 84 लागू होते. दुसरे उत्तर पाण्याचे आहे. उलट ओढीत किती पाणी येईल ते पाइपाच्या तोंडाची खोली ठरवते, पंपाची ताकद नव्हे. मोठ्या पंपाने ओव्हरफ्लोच्या काठावरचा पाण्याचा थर थोडा जाड होतो, इतकेच. काठ फूटभर लांब असेल तर 3000 लिटरला साधारण 13 आणि 5000 लिटरला 18 ते 19 मिलिमीटर. फरक पाच-सहा मिलिमीटरचा, म्हणजे पाचेक लिटर. उरलेले 125 लिटर जुन्या पंपानेही आलेच असते. हे एखाद्या अभियंत्याकडून दोन पानांत लिहून घ्या. मात्र वीज असताना, ओव्हरफ्लोला मोठ्या पंपाचे पाणी पेलले नाही म्हणून टाकी सांडली असती, तर दोष तुमच्या पदरात पडला असता. त्या रात्री वीज किती वाजता गेली, कधी आली, हे कागदावर हवे. वीज खात्याच्या तक्रार क्रमांकाचा संदेश, इमारतीच्या जनरेटरची नोंद, शेजाऱ्यांचे व्हॉट्सअप संदेश, जे मिळेल ते.

कलम 84 मध्ये उत्पादकाला बांधणारी कारणे दिली आहेत. त्यांतली तीन तुमच्या कामाची: सदोष रचना, दिलेल्या हमीचे पालन न होणे, आणि धोका टाळण्यासाठी पुरेशा सूचना न देणे. ‘दर महिन्याला भोक साफ करा, व्हॉल्व्ह उघडून धुवा’ असे त्याने कुठेही लिहून दिले नसेल तर तिसरे कारण एकटेच वजनदार आहे. ‘वर्षभर काही झालं तर मी बघतो’ असा त्याचा संदेश फोनमध्ये असेल तर दुसरेही. एक बारकावा नीट समजून घ्या. उत्पादन दायित्वाच्या व्याख्येतल्या ‘हानी’त वस्तूचे स्वतःचे नुकसान येत नाही. म्हणून तुमचे फर्निचर आणि लादीची दुरुस्ती त्या सदरात मागा, आणि टाकीची दुरुस्ती किंवा पैसे परत ही मागणी सदोष वस्तू व सेवेतील त्रुटी या सदरात. दोन्ही एकाच तक्रारीत चालतात.

बिलावरची कोल्हापूरची ओळ विसरा. कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी उत्तर गोवा जिल्हा आयोग. दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत म्हणून जिल्हा आयोग, पाच लाखांच्या आत म्हणून शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. मुदत दोन वर्षे. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. त्या आकड्यावर विसंबून सुट्ट्या मात्र आखू नका.

आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने आणि व्हॉट्सअपवरही. नोटीस सक्तीची नाही, पण त्यात एक गोष्ट साधून घ्यायची आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता टाकीची चाचणी घेणार, हजर राहा, असे किमान आठ दिवस आधी कळवा. चाचणी साधी आहे. पंप चालू ठेवून टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा. संपमधून भरून येणारे पाणी उपसायला दोन मोठे ड्रम आणि हातपंप तयार ठेवा. मग पंपाचा स्विच बंद करा आणि पातळी थांबेपर्यंत अखंड व्हिडिओ घ्या, चित्रात घड्याळ आणि मोजपट्टी दिसू द्या. त्याआधी विजेच्या सगळ्या वायरी आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचला, आणि त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आहे याची खात्री करा. कारागीर आला तर उत्तम, नाही आला तर नोटीस बोलेल. व्हिडिओचा मूळ फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलीत बदल झाला तर बदलणारी अक्षर-आकड्यांची खूण, लिहायची असते. बाकी 20,000 रुपयांबद्दल ‘देणार नाही’ असे लिहू नका. ‘भरपाईतून वळते करून घ्यावेत’ असे लिहा. रोख 25,000 ची पावती नसेल तर नोटिशीत आकडा, तारीख आणि कोणासमोर दिले ते नमूद करा. त्याने नाकारले नाही तर तेही कामाला येते.

खालच्या शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. ते तुमचे ग्राहक नाहीत आणि तुम्ही त्यांचे विक्रेते नाही, म्हणून त्यांचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. ‘पाणी तुमच्या घरातून आले, संपले’ एवढे तिथे पुरत नाही. धोकादायक वस्तू साठवणाऱ्यावर चूक नसतानाही येणारी जबाबदारी हे तत्त्व 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर निकालातून आले. पण घरातल्या नेहमीच्या पाणी वापराला ते लागू नाही, असे 1913 च्या रिकर्ड्स विरुद्ध लोथियन निकालाने ठरले. 500 लिटरची समुद्री टाकी ‘नेहमीचा वापर’ आहे का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सुरक्षित बाजू हीच की तुमचा निष्काळजीपणा त्यांनी सिद्ध करावा. मात्र हे तुमच्या बाजूने एकदाच चालते. दोष कळल्यावरही टाकी तशीच सुरू केलीत आणि पुन्हा सांडली, तर निष्काळजीपणा तुम्ही स्वतःच सिद्ध केलात. चाचणी झाल्यावर भोक पाडून, तोंड वर घेऊन आणि संपमधली नेहमीची पातळी कमी करूनच टाकी चालवा.

त्यांचा 2,80,000 चा आकडा तसाच मान्य करू नका. जुलैतले गोव्यातले छत आहे. ओलीचा डाग तुमच्या टाकीचा की गच्चीच्या किंवा बाथरूमच्या झिरपणुकीचा, हे विचारायलाच हवे. इथे खारे पाणी तुमच्या कामी येते. 90 लिटर समुद्री पाण्यात तीन किलोच्या वर मीठ असते. डाग पडलेल्या छताचा आणि त्याच फ्लॅटच्या दूरच्या कोरड्या भिंतीचा गिलावा, दोन्ही नमुने साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत क्लोराइडसाठी द्या. किनाऱ्याजवळ सगळ्याच गिलाव्यात थोडे क्लोराइड सापडते, म्हणून दुसरा नमुना हवाच. सोसायटीच्या सचिवासमोर दोघांच्या सहीने पाहणीची नोंद करा, दुरुस्तीचे दोन अंदाज घ्या, आणि टीव्हीसाठी नव्याची किंमत न धरता वयाप्रमाणे घट धरा.

जे खरोखर तुमच्या पाण्याने बिघडले त्याचे पैसे आताच देऊन टाकावेत असे माझे मत आहे. शेजार टिकतो, आणि ती रक्कम कारागिराकडून वसूल करता येते. सदोष कामातून सरळ उद्भवणाऱ्या नुकसानीला करार कायद्याचे कलम 73 लागू होते. पण लेखी करारावर द्या: ‘जबाबदारी मान्य न करता, पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून’. दुरुस्तीची बिले आणि बँकेतून दिल्याचा पुरावा ठेवा. तोंडी, रोख दिलेले पैसे आयोगात मिळत नाहीत. घरासाठी विमा असेल, गृहकर्जाबरोबर बँकेने घेतलेला असला तरी, लगेच कळवा. भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या व पाइप फुटणे किंवा ओसंडणे हा धोका आहे. मात्र शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी तिच्यात आपोआप येत नाही.

सोसायटीला सात दिवसांत टाकी हलवायला लावण्याचा अधिकार कुठल्या उपविधीने मिळाला, हे लेखी विचारा. त्याचबरोबर त्यांची चिंता रास्त आहे हेही मान्य करा. काच शंभरेक किलो, पाणी पाचशेवर, वर खडक, वाळू, स्टँड आणि संप. सगळे मिळून आठशे किलोच्या पुढे, तेही एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. निवासी खोलीच्या स्लॅबला दर चौरस मीटरला 200 किलोचा पसरलेला भार धरतात. याचा अर्थ स्लॅब पडेल असा नाही. बीम कुठे आहे, टाकी भिंतीलगत आहे की हॉलच्या मध्यावर, यावर ते ठरते. संरचना अभियंत्याचा दाखला आणा आणि सोसायटीला द्या. तरीही हट्ट धरला तर सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वाद नेता येतो.

वीज खात्यावर दावा नको. पावसाळ्यात गोव्यात वीज जाते हे टाकी बांधणाऱ्याने गृहीत धरायचे असते, आणि हा मुद्दा तुम्ही कारागिराविरुद्ध वापरणार आहात. एकाच तोंडाने दोन्ही बोलता येत नाही.

राहिली प्रवाळे. ती मागणीत घालू नका. सगळी दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची एकमध्ये आहेत. ती खरेदी करणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे, शिक्षा तीन ते सात वर्षे आणि किमान 25,000 रुपये दंड. 60,000 ची यादी शपथपत्रावर देणे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली. मेलेले सांगाडेही याच कायद्याखाली येतात. विकू नका, कोणाला देऊ नका. फक्त बिल असलेल्या माशांची किंमत मागा. नोटीस पाठवण्याआधी, या प्रवाळांसाठी, वन कायद्याची फौजदारी प्रकरणे पाहणाऱ्या वकिलाला समक्ष भेटा आणि खरेदीचे जे काही असेल ते सोबत न्या.