दुखत नाही म्हणून थांबू नको

पहिल्यांदाच दात साफ करायला चाललास, तर आधी एक भीती काढून टाक: मशीननं दात ढिले होत नाहीत. रोजचा मऊ थर ब्रशनं निघतो. राहिला की लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो, मग घरी कितीही घासलंस तरी निघत नाही. डॉक्टरांनी तो काढला की फटी दिसतात, चार दिवस गार पाणी दातांना झोंबतं, बस्स.

माझ्या आईनं जन्मभर मिश्री लावली. दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही. हिरड्या आतून सुटत गेल्या अन् वयाच्या ५५ व्या वर्षी पुढचे चार दात गेले. फार वाईट वाटतं मला त्याचं.

संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, खर्च कमी येतो. जालन्याहून सकाळीच निघ. शुगर असेल तर डॉक्टरांना आधी सांग, अन् सहा महिन्यांनंतरची तारीख तिथंच विचारून घे.