प्रोगॅनोकेलिस या प्राचीन कासवाला पूर्ण कवच असूनही त्याचा समावेश टेस्टुडाइन्समध्ये का होत नाही?

तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण कासवांसाठी एकात एक सामावणारी तीन नावे वापरली जातात आणि जुन्या ग्रंथांत ती सर्रास एकमेकांच्या जागी आलेली दिसतात.

आज हयात असलेल्या सर्व कासवांचा सर्वांत अलीकडचा समाईक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज म्हणजे टेस्टुडाइन्स. प्लुरोडायरा आणि क्रिप्टोडायरा या आजच्या दोन्ही शाखा त्याच पूर्वजापासून फुटल्या. टेस्टुडिनाटा हे नाव मात्र कवचावर बेतलेले आहे; ज्या पूर्वजाच्या ठायी पूर्ण कवच प्रथम सिद्ध झाले, तेथून पुढचा सारा वंश त्यात येतो. पॅन-टेस्टुडाइन्स त्याहून व्यापक असून, इतर कोणत्याही हयात प्राण्यापेक्षा कासवांना अधिक जवळचे असलेले सर्व जीव त्यात मोडतात.

सुमारे 21 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रोगॅनोकेलिसचे जीवाश्म जर्मनीत सापडले. त्याच्या टाळूवर बारीक दात होते, मानेवर हाडांचे काटे होते आणि डोके कवचात ओढून घेणे त्याला शक्य नव्हते. कवच पूर्ण असल्यामुळे ते टेस्टुडिनाटामध्ये निःसंशय बसते. परंतु आजच्या कासवांचा समाईक पूर्वज अवतरण्याआधीच त्याची शाखा वेगळी झाली होती, म्हणून ते टेस्टुडाइन्सच्या बाहेर राहते. चीनमधील ओडोंटोकेलिस, ज्याचे वर्णन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला पोटाकडचे कवच पूर्ण होते, पण पाठीवर केवळ रुंद झालेल्या फासळ्या आणि मणक्यांवरच्या अस्थिपट्टिका होत्या. त्यामुळे ते फक्त पॅन-टेस्टुडाइन्समध्ये येते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: ही सीमारेषा हयात आणि नामशेष यांच्यामधली नाही. दक्षिण अमेरिकेतील स्टुपेन्डेमिस हे प्रचंड कासव केव्हाच नामशेष झाले, तरी ते प्लुरोडायरा शाखेतले, म्हणून टेस्टुडाइन्सच आहे. उलट, शिंगे असलेली मेयोलेनिया काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होती, तरीही अनेक विश्लेषणांत ती टेस्टुडाइन्सच्या बाहेर पडते. उद्या नव्या पुराव्याने तिची जागा बदलली, तर टेस्टुडाइन्सच्या यादीत एका प्राण्याची भर पडेल, व्याख्या मात्र तीच राहील, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ यातच आहे.